दुसरा साक्षीदार

छावणी, छत्रपती संभाजीनगर
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय रिबका,

प्रभूमध्ये सलाम. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता अमृताकडून लिहून घेतला. सख्ख्या बहिणीला पत्र पाठवायला भाचीच्या अक्षराआड लपावं लागतं, ही माझी गत. फोन तर तू उचलत नाहीसच. लासूर स्टेशन इथून तासाभरावर आहे, पण यायचं म्हटलं की माझे गुडघे दुखायला लागतात. इतर ठिकाणी जाताना ते फारसे दुखत नाहीत, हेही सांगून टाकतो.

कामाचं बोलतो. अमृताचं लग्न २६ एप्रिलला ठरलं, हे तुला ठाऊक आहे. मुलाकडचे जालन्याचे, माणसं चांगली आहेत. पोरगी वकील झाली तरी लग्न आपल्याच चर्चमध्ये व्हावं, जिथे तिच्या दिवंगत वडिलांचं आणि तुझं झालं तिथेच, असा तिचा हट्ट आहे. अडचण तुला माहीत आहे. वधूची आई मंडळीच्या शिस्तीखाली, म्हणजे प्रभुभोजनाच्या भाकरीपासून दूर ठेवलेली, असेल तर वेदीपुढे लग्न लावता येत नाही. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, मनाने मऊ आहेत. ते म्हणाले, "रिबकाबाईंनी एक क्षमापत्र दिलं की विषय संपला. कोणी काही विचारणार नाही."

क्षमापत्राचा मसुदा मीच केला आहे, सोबत पाठवतोय. चार ओळी आहेत. 'नवस', 'जत्रा' असले शब्द मुद्दाम टाळलेत. 'माझ्याकडून चूक झाली, मंडळीने दया करावी' एवढंच आहे. खाली तुझं नाव टाइप करून घेतलंय. तू फक्त सही करायची.

अकरा वर्षं झाली, रिबका. जे झालं ते झालं. मोशेच्या काळात असतो तर असल्या आरोपाला दगड होते. आपण ख्रिस्ती माणसं, आपल्याकडे फक्त एक कागद आहे. नियम कठोर असतो, कृपा मऊ असते, हे मी चाळीस वर्षं शिकवत आलो. मंडळी कृपेनेच दार उघडून उभी आहे, तू आत येत नाहीस. पोरीसाठी एवढं कर.

फेब्रुवारीअखेर पंचांची बैठक आहे. त्याआधी कागद मिळाला तर बरं.

तुझा दादा,
शांतवन

२७ जानेवारी

रिबका,

तुझं पाकीट मिळालं. माझाच मसुदा, सही न केलेला, आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने एक ओळ: 'दुसरा साक्षीदार कोण होता ते अमृताला सांगितलंस का?'

अकरा वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली ओळ. सुरुवातीला 'दादा'सुद्धा नाही. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी मनात म्हणालो, इथे लेकीचं लग्न अडलंय आणि बाई जुनं उकरून काढतेय. दोन दिवस तो कागद जेवणाच्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी मी त्यावर वर्तमानपत्र ठेवलं.

नाही, सांगितलेलं नाही.

अमृता मागच्या आठवड्यात चर्चच्या ऑफिसात येऊन गेली. जुनं ठरावबुक मागितलं. मी चिटणीस, कपाटाची किल्ली माझ्याकडे. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. तिने मे २०१४ चं पान काढलं आणि माझ्यासमोरच मोठ्याने वाचलं: दोन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट सिद्ध झाल्याने भगिनी रिबका यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येत आहे. अक्षर माझंच, वळणदार. त्या काळी माझ्या अक्षराचं लोक कौतुक करायचे.

"मामा, साक्षीदारांची नावं का नाहीत?"

मी म्हणालो, "तशी पद्धत असते."

"आणि उलटतपासणी? ती कोणी घेतली?"

मी म्हणालो, "हे कोर्ट नाही बाळा, ही मंडळी आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. अगदी तुझ्यासारखी बघते. मग म्हणाली, "एक तर कडुबामामा, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरा कोण?" मी म्हणालो, मंडळीतला एक विश्वासू माणूस होता.

हे वाक्य मी बोललो. तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण तू विचारलंस म्हणून सांगतो.

त्या वेळी मी घाबरलो होतो, एवढं तरी समजून घे. तुझी सुवार्तावहिनी आजारी होती. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

दादा

रविवार, ९ फेब्रुवारी

रिबका,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी मागे घेतो. डोकं चांगलं ठिकाणावर होतं.

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी घरसभा असते, दहा-बारा माणसं येतात. या वर्षी विषय मीच निवडला: जुना नियम आणि नवी कृपा. माझ्या हातचा मळ. चाळीस वर्षांच्या टिपणांची वही आहे, तीच काढायची. डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात, हे केवढं क्रूर, असं म्हणायचं. मग त्या बाईची गोष्ट सांगायची, जिला दगडांनी मारायला लोक जमले होते आणि प्रभूने तिला सोडवलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. मग चहा.

आज साक्षीचा नियम होता. टिपणात जागा मोकळी होती, म्हणून मूळ वचनं काढून बसलो. चिटणीस म्हणून त्यातला अर्धा नियम मला पाठ आहे. एका माणसाच्या सांगण्यावरून कोणाला दोषी धरायचं नाही, दोन किंवा तीन हवेत. आपल्या मंडळीने घेतलाय तो तेवढाच. पुढचा अर्धा मी वाचला असणारच, पण कधी शिकवलेला नाही. त्यात म्हटलंय की न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी. आणि साक्षीदार खोटा निघाला, तर त्याने आपल्या भावावर जी शिक्षा आणायचं योजलं होतं तीच त्याला द्यावी. वर, दया दाखवू नका, असंही आहे. डोळ्याबद्दल डोळा येतो तो तिथेच, खोट्या साक्षीदाराच्याच वाक्यात. इतकी वर्षं ते मला रानटी वाटत होतं. ते माझ्यासाठी लिहिलेलं होतं.

आणि ती दगडांची गोष्ट. जुन्या नियमात पहिला दगड साक्षीदाराने उचलायचा असतो, म्हणजे बोलणाऱ्याला आपल्या बोलण्याचं वजन हाताला लागावं. आमच्याकडे दगड नाहीत, म्हणून मला काहीच लागलं नाही. मी पेन उचललं. त्या गोष्टीत मी नेहमी स्वतःला दगड टाकून खाली मान घालून निघून जाणाऱ्यांत धरत आलो. ते तरी निघून गेले होते.

अमृता आज आली होती. मागे दाराशी बसली. मी अर्धवट काहीतरी सांगून धडा आवरला, तेव्हा तिने हात वर केला.

"मामा, खोटा साक्षीदार पस्तावला तर त्याला दया मिळते. मान्य. पण ज्याच्यावर साक्ष दिली, त्याला काय मिळतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "प्रश्न चांगला आहे, पुढच्या रविवारी घेऊ." आणि चहा ठेवायला आत गेलो. आज चहात साखर घालायची राहिली. सगळ्यांनी तसाच पिऊन टाकला.

दादा

रविवार, १६ फेब्रुवारी

रिबका,

आज घरसभा ठेवली नाही. ताप आहे असं सांगितलं. ताप नाही. तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा माझ्या हाताने सगळं लिहून काढतो. आजवर मी ते मनातल्या मनातसुद्धा पूर्ण म्हटलेलं नाही. दरवेळी शेंद्र्याच्या रस्त्याला लागलो की विचार दुसरीकडे वळवायचो.

एप्रिल २०१४. सुवार्ता वॉर्डात होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरी नेलं तरी चालेल. घरी आलो तेव्हा शेजारचे गोकुळसर पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "सर, येकदा शेंद्र्याला जाऊन या. जत्रा भरलीय. माझ्या आईला तिथं गुण आला व्हता. देव काय तुमचा-आमचा असतो व्हय?" त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. माणूस कळवळ्याने बोलला.

मी, मंडळीचा पंच, तीस वर्षं दुसऱ्यांना नवसाबद्दल बोल लावलेला माणूस, स्कूटरवर बसलो. तोंडाला रुमाल बांधला. नारळ घेतला. सुवार्ताच्या निळ्या साडीचा तुकडा खिशात होता. रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे एक म्हातारी होती, मागे तान्हं पोर घेतलेलं एक जोडपं. त्या सगळ्यांना आपण कशासाठी उभे आहोत ते नीट माहीत होतं आणि कोणी तोंड बांधलेलं नव्हतं. त्या रांगेत लाज वाटणारा मी एकटाच होतो.

आणि तू आलीस. नर्सच्या ड्यूटीच्या पांढऱ्या साडीत, काळीपिवळीतून उतरून, घामाघूम. गोकुळसरांनी तुला सांगितलं होतं.

"दादा, वहिनीला धाप लागलीय. चल."

मी हललो नाही. नंबर जवळ आला होता.

"चल म्हणते ना. ती तुझं नाव घेतेय." तू माझ्या हातातला नारळ काढून घेतलास. मी म्हणालो, फेकून दे तो. तू म्हणालीस, "लोक श्रद्धेनं आलेत, फेकायचा कसा? तू गाडी काढ, मी त्या म्हातारीला देऊन येते."

मी गाडी काढायला गेलो. तेवढ्या पाच मिनिटांत कडुबा कंपनीतून सुटून तिथून चालला होता. त्याने तुला रांगेत, हातात नारळ घेतलेलं पाहिलं. तो खोटं बोलला नाही. त्याने जे पाहिलं ते सांगितलं.

मेमधली बैठक. एका साक्षीदारावर काही होणार नव्हतं. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी वही मिटायला घेतली होती. कडुबा साधा माणूस, सहज बोलून गेला, "भाऊसायबांची स्कूटर बी तिथंच व्हती की." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तूही पाहिलंस. तुझ्या नजरेत राग नव्हता. तुला वाटलं, आता दादा सांगेल.

मी म्हणालो, "मी तिला परत आणायला गेलो होतो."

तू जे केलंस ते मी माझ्या नावावर घेतलं आणि मी जे केलं ते तुझ्या. पाळकसाहेब म्हणाले, "म्हणजे तुम्हीही पाहिलंत." मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग दोन झाले." कोणी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. एक जरी विचारला असता, त्या दिवशी कोणत्या हातात नारळ होता एवढा जरी, तरी मी पडलो असतो. त्या जुन्या दगडी नियमाने तुला वाचवलं असतं, रिबका. आम्ही त्यातला अर्धा ठेवला आणि उरलेल्याच्या जागी दया घातली. मग तुला दया देऊ केली. 'चूक कबूल कर, आम्ही क्षमा करतो.' तू म्हणालीस, "मी केलं नाही." तुला गर्विष्ठ म्हणणाऱ्यांत मीही होतो.

तू तेव्हा खरं बोलली नाहीस ते सुवार्तासाठी, हे मला कळलं होतं. तिला शेवटच्या दिवसांत नवऱ्याची ही गोष्ट कळू नये म्हणून. ती जूनमध्ये गेली. मातीच्या दिवशी कबरस्तानात तू माझ्याकडे पाहिलंस. आता बोल, असं. मी चष्मा पुसत राहिलो.

पुढचं वर्षभर तू दर प्रभुभोजनाला आलीस आणि दाराजवळच्या बाकावर बसलीस, जिथे शिस्तीखालच्या माणसांनी बसायचं असतं. भाकरीचं ताट पुढे सरकवत मी रांगांतून यायचो. तुझ्या बाकापाशी आलं की वळायचो. दर महिन्याला, बारा वेळा. संडेस्कूलची मुलं तुझ्याकडून काढून घेतली. पेटी दुसरं कोणी वाजवायला लागलं. अमृता पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसली तेव्हा तू बाकावरून पाहत होतीस. मग तू लासूरला बदली मागून घेतलीस.

जानेवारीत मी तुला लिहिलं की कृपा मऊ असते. तो मसुदा मी जाळला. जाळतानासुद्धा आधी खिडकी लावून घेतली.

शांतवन

सोमवार, ३ मार्च

रिबका,

काल महिन्याचा पहिला रविवार होता. प्रभुभोजनाआधी सूचना वाचायचं काम माझं. संडेस्कूलच्या सहलीची सूचना वाचली, कबरस्तानाच्या साफसफाईची वाचली आणि मग तिसरी सूचना म्हणून माझं वाचलं. लिहून नेलं होतं, नाहीतर मी मध्येच भलतीकडे वळलो असतो. शेंद्रा, नारळ, तुझी पांढरी साडी, स्कूटर, दुसरा साक्षीदार. काही गाळलं नाही. उपदेशाच्या पुलपिटवरून शेवटची ओळ वाचली आणि कागदाची घडी केली.

पुढे काय झालं ते सांगायलाच हे पत्र लिहितोय. त्यांनी मला क्षमा केली, रिबका. तिथल्या तिथे. पाळकसाहेब उतरून आले, मला मिठी मारली, त्यांचे डोळे भरले होते. बायका रडल्या. कोणीतरी गाणं सुरू केलं, सगळे उभे राहिले. म्हातारे पंच माझ्या पाठीवर थोपटत होते, "केवढं धैर्य, केवढं धैर्य." मी पुलपिटवर गेलो तेव्हा खोटा साक्षीदार होतो आणि उतरलो तो जवळजवळ संत होऊन. क्षणभर मला बरं वाटलं. तेही सांगतो, कारण तेच सगळ्यात लाजिरवाणं होतं.

मग अमृता रांगेतून उठून समोर आली. हातात मोबाइल होता.

"मामा, चार मिनिटं," ती म्हणाली. "तुम्हाला चार मिनिटं लागली. आईला अकरा वर्षं." आणि निघून गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

ताट फिरायला लागलं तेव्हा मी उठलो आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसलो. तो बाक डगमगतो. तू कधी बोलली नाहीस.

बाहेर कडुबा उभा होता. त्याला मी हात जोडले. तो म्हणाला, "भाऊसायब, म्या जे पाह्यलं ते खरंच व्हतं ना? मंग मी इतकी वर्सं खोटा कसाकाय झालो?" तो म्हणाला, "बाईनं माझ्या पोरीला पेटी शिकवली व्हती. रस्त्यात भेटली तरी मी तोंड फिरवायचो. लई वाईट केलं तुम्ही." लासूरला येऊन तुझी माफी मागणार म्हणतोय. त्याला घरात घे. त्याचा दोष नाही.

फेब्रुवारीअखेरची, पुढे ढकललेली पंचांची बैठक दुपारी झाली. मी दोन गोष्टी मागितल्या. पहिली, तुझ्याबद्दलचा ठराव. पाळकसाहेबांनी लिहिलं होतं, 'भगिनी रिबका यांना क्षमा करून पुन्हा सामावून घेण्यात येत आहे.' मी म्हणालो, 'क्षमा' हा शब्द चालणार नाही. कशाची क्षमा? यावर तीन तास गेले. शेवटी पाळकसाहेबांनी अमृताला फोन लावला. तिने फोनवरून मजकूर सांगितला, मी उतरवून घेतला: मूळ ठराव खोट्या साक्षीवर आणि चौकशीशिवाय झाला, तो चुकीचा होता, रद्द करण्यात येत आहे, पंचमंडळ भगिनी रिबका यांची क्षमा मागत आहे. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. प्रत सोबत आहे. लग्नाला आता कशाचीच आडकाठी नाही. तुला कशावरही सही करायची नाही.

दुसरी गोष्ट, माझी. मी म्हणालो, तिला जे मिळालं ते मला द्या. अकरा वर्षं प्रभुभोजन नाही, चिटणीसपद नाही, शिकवणं नाही, दाराजवळचा बाक. पाळकसाहेब कळवळून म्हणाले, "भाऊ, आपण आता नियमाखाली नाही, कृपेखाली आहोत." मी हेच वाक्य आयुष्यभर इतरांना ऐकवलं. मी म्हणालो, जक्कयाची गोष्ट आठवा. जकातदार, लोकांना नाडणारा. प्रभू त्याच्या घरी जेवायला गेला, ती दया. पण दया घरात आल्यावर तो गप्प जेवून झोपला नाही. जुन्या नियमात चोरलेल्या मेंढराला चौपट भरपाई होती, तीच मोजून देतो म्हणाला. प्रभूने त्याला, राहू दे, असं म्हटलं नाही.

त्यांनी मान्य केलं, नाराजीने. यातही मला थोडं मोठेपण वाटतंय का, असा संशय आहे. असेल. माझ्या बाबतीत काही सांगता येत नाही.

मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. मागितली की तुला द्यावी लागेल. आपल्यात तशी सवय आहे. तू काही दिलं नाहीस तरी चालेल. फक्त एवढंच, की आता अमृताला माहीत आहे.

शांतवन

शनिवार, ५ एप्रिल

रिबका,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या तुझ्या हातात देईन, किंवा धीर झाला नाही तर तुझ्या पिशवीत सरकवीन.

महिनाभर तुझं काही आलं नाही. मी रोज अकराच्या सुमारास फाटकाशी जाऊन उभा राहायचो. पोस्टमन शेवटी म्हणाला, "सर, आलं तर मी हाक मारीन ना." काल त्याने हाक मारली. तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालं. तरी इथे उतरवून ठेवतो. चिटणीसपद गेलं, खोड गेली नाही.

'दादा, ठराव मिळाला. कडुबा येऊन गेला, रडला, जेवून गेला. ६ तारखेला मी येते. प्रभुभोजन घेईन. तू घेऊ नकोस. अकरा वर्षं म्हणालास, ती मी मोजणार आहे, एक महिना सोडणार नाही. उपासना झाली की तुझ्याकडं जेवायला येते. भाकरी मी करीन, तुला थापता येत नाहीत. ज्वारी ताजी दळून आण. वहिनीची परात असली तर काढून ठेव. लग्नात अमृताचा हात धरून तूच आणायचं. तिला मी सांगितलंय. ती अजून रागात आहे, तिचं तू बघ. तुला माफ केलं का ते मला अजून कळलेलं नाही. रिबका.'

'दादा' वाचून मी बराच वेळ पुढे सरकलोच नाही.

तू या घराचा उंबरा शेवटचा ओलांडलास तो सुवार्ता गेली त्या आठवड्यात. घर पाहून बोलू नकोस. मी वरण-भात करून खातो, भाकरी मेसमधून आणतो. सकाळी चक्कीवर गेलो. तिथली बाई म्हणाली, "सर, तुम्ही अन् दळण?" मी म्हणालो, बहीण येतेय. एवढं सांगायला मला इतका आनंद झाला की पैसे द्यायचे विसरून घरापर्यंत आलो, परत जावं लागलं. परात माळ्यावर सापडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. वर्तमानपत्र २०१४ चं होतं. ते उलगडताना खाली बसलो आणि रडलो. सुवार्तासाठी रडलो, तुझ्यासाठी रडलो, आणि या वेळी खिडकी लावली नाही. गोकुळसर कठड्यावरून डोकावून गेले.

अमृताला आज फोन केला. तिने उचलला. मी म्हणालो, "बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. ज्याच्यावर खोटी साक्ष दिली, त्याला काय मिळतं, ते मला अजून येत नाही." ती म्हणाली, "उद्या तीन भाकऱ्या जास्त करायला सांगा आईला." आणि ठेवून दिला.

मी अडुसष्टचा आहे. अकरा मिळवले की एकोणऐंशी. आपल्या घराण्यात एवढं कोणी जगलेलं नाही. पण तू मोजणार म्हणालीस, एक महिना सोडणार नाही म्हणालीस. म्हणजे दर पहिल्या रविवारी तुला लासूरहून यावं लागणार. हे लिहिताना तुझ्या लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. आलं नसेल तर आता मागे घेऊ नकोस.

उद्या तू पुढे जाऊन भाकरी घेशील तेव्हा मी बाकावर असेन. तुझी पाठ दिसेल मला तिथून. परतताना माझ्याकडे पाहायची गरज नाही.

पीठ डब्यात आहे. परात घासून चुलीपाशी ठेवलीय.

दादा